२.५ छापलं की कुठे २ येतं, कुठे ३: आकडा मजकुरात उतरवताना भाषा नेमकं काय करतात?

मुक्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले तीन दिवस एका बारीकशा फरकाने डोकं व्यापलंय, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्याकडे मोजमापांच्या सरासऱ्यांचा एक अहवाल तयार होतो. सर्व्हरवर पायथन तो साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितं आणि तेच आकडे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट तक्त्यात दाखवतं. दोन्हीकडे दोन दशांश स्थळं. दोन्हीकडे पोचणारा डबल (चौसष्ट बिटांत साठवलेला अपूर्णांकी आकडा) अगदी सारखा आहे, चौसष्टच्या चौसष्ट बिट जुळतात, हे मी सगळ्यात आधी तपासलं. तरीही दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की काही ओळी जुळत नाहीत:

१.१२५ : पायथन १.१२, जावास्क्रिप्ट १.१३
१.६२५ : पायथन १.६२, जावास्क्रिप्ट १.६३

पण १.३७५ ला दोघंही १.३८ म्हणतात. आणि १.००५ ला दोघंही १.०० म्हणतात! शाळेत आपण शिकलो की पुढचा अंक पाच किंवा जास्त असेल तर आधीचा अंक एकाने वाढवायचा. त्या हिशेबाने १.०१ यायला हवं, ते दोघांपैकी कुणालाच येत नाही.

पायथनमध्ये मी '%.२एफ' वापरलंय, जावास्क्रिप्टमध्ये टूफिक्स्ड(२). दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं वापरात आहेत, त्यामुळे चूक माझ्या समजुतीत असणार. कुणी नीट उलगडून सांगेल का?

हेमंत_७

फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे संगणकाची अपूर्णांक साठवण्याची पद्धत, असंच असतं हो. ०.१ + ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. नेमका आकडा हवा असेल तर डेसिमल टाइप वापरा आणि विषय संपवा.

रेवती

हेमंत, सल्ला चुकीचा नाही, पण मुक्ताने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. १.१२५ हा आकडा डबलमध्ये तंतोतंत बसतो. १ अधिक एक अष्टमांश. त्यात कणभरही चूक नाही, आणि तरी दोन भाषा दोन उत्तरं देतात. म्हणजे "फ्लोटिंग पॉइंट असंच असतं" म्हणून ह्या ओळीचा खुलासा होत नाही.

मुक्ता, तुझ्या उदाहरणांमध्ये दोन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. ते आधी सोडवून घेऊ.

पहिला प्रश्न: राउंड नक्की कोणत्या संख्येला करायचं? तू लिहिलंस १.००५. पण डबलमध्ये १.००५ ठेवताच येत नाही. शाळेतलंच आठव: अपूर्णांकाच्या छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर त्याचं दशांश रूप खंडित असतं, नाहीतर अखंड आवर्ती. द्विमान पद्धतीत ५ ची सवलत जाते, फक्त २ उरतो. १.००५ म्हणजे २०१/२००, छेदात ५ आहेत, म्हणून द्विमान रूप अखंड आवर्ती. ते ५३ बिटांवर तोडावं लागतं. तोडल्यावर आत जे उरतं ते हे:

१.००४९९९९९९९९९९९९८९३४१८५८९६३५९८४९७२११९३३१३५९८६३२८१२५

हा "साधारण" आकडा नाही, आतल्या बिटांची ही पूर्ण, शेवटच्या अंकापर्यंतची किंमत आहे. आता ह्याची दोन दशांश स्थळांपर्यंत आसन्न किंमत काढ. तिसऱ्या स्थळी ४ आहे. १.००च येणार. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोघंही आत जे खरोखर आहे त्यालाच राउंड करतात, म्हणून तिथे दोघांचं एकमत.

दुसरा प्रश्न: संख्या दोन उत्तरांच्या बरोब्बर मध्यावर असेल तर कुठे जायचं? १.१२५ तशी आहे. १.१२ आणि १.१३ पासून अंतर तंतोतंत सारखं. इथे "जवळचं" असं काही नसतंच, नियम ठरवून घ्यावा लागतो. पायथन म्हणतं सम अंकाकडे जा: १.१२. जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात टूफिक्स्डसाठी लिहून ठेवलंय की दोन पर्याय सारखेच जवळ असतील तर मोठा घ्या: १.१३. आणि १.३७५ ला सम अंक आणि मोठा अंक दोन्ही ८, म्हणून तिथे फरक दिसला नाही.

मुक्ता

रेवती, हे वाचून रात्री एक प्रयोग केला आणि जे दिसलं त्याने मी थक्क झाले. १.००५, १.०१५, १.०२५ असं करत १.९९५ पर्यंत शंभर आकडे घेतले, सगळे तिसऱ्या स्थळी पाच असलेले, आणि प्रत्येक कुठे जातो ते छापलं. मला वाटलं होतं इथेतिथे विखुरलेलं दिसेल. तसं अजिबात नाही!

१.००५ ते १.११५ : बाराच्या बारा खाली
१.१२५ : बरोबर मध्यावर
१.१३५ ते १.२४५ : बाराच्या बारा वर
१.२५५ ते १.३६५ : पुन्हा बारा खाली
१.३७५ : मध्यावर
१.३८५ ते १.४९५ : बारा वर

आणि हेच पुढे १.९९५ पर्यंत. शंभरात ४८ खाली, ४८ वर, ४ मध्यावर. इतकी शिस्त कुठून आली? मग २.००५ पासून केलं तर चित्र एकदम बदललं: खाली, वर, खाली, वर, असं एकाआड एक.

गणितशिक्षक

मुक्ताताई, फार छान प्रयोग केलात. ह्याचं गणित कागदावर सहज मांडता येतं, मी करून बघितलं.

१ आणि २ च्या मध्ये शेजारच्या दोन डबलमधलं अंतर २ चा उणे ५२ वा घात असतं. म्हणजे तुमच्या संख्येला २ च्या ५२ व्या घाताने, ४५०३५९९६२७३७०४९६ ने, गुणलं आणि पूर्णांक आला तर ती तंतोतंत बसते. नाहीतर जवळच्या पूर्णांकावर सरकते. आपल्याला फक्त गुणाकाराचा अपूर्णांकी भाग बघायचा आहे.

१.००५ साठी तो भाग ०.४८ येतो. अर्ध्यापेक्षा कमी, म्हणून खाली सरकते. आता प्रत्येक पायरीला आपण ०.०१ वाढवतो. ०.०१ चा गुणाकार ४५०३५९९६२७३७०४.९६, त्याचा अपूर्णांकी भाग ०.९६, म्हणजे प्रत्येक पायरीला ०.०४ ने मागे. तर ०.४८, ०.४४, ०.४०, ०.३६ असं उतरत उतरत १.११५ ला ०.०४ आणि १.१२५ ला शून्य. शून्य म्हणजे तंतोतंत. त्याच्या पुढची पायरी ०.९६, ती अर्ध्याहून जास्त, म्हणून वर सरकते. मग ०.९२, ०.८८ करत १.२४५ ला ०.५२. तिथून पुढे ०.४८ आणि चक्र पुन्हा सुरू. पंचवीस पायऱ्यांचं चक्र, त्यात बारा, एक, बारा.

२ ते ४ मध्ये अंतर दुप्पट होतं. त्यामुळे पायरी ०.४८ ची होते, जवळजवळ अर्धी, म्हणून २.००५ ला ०.२४ (खाली), २.०१५ ला ०.७२ (वर), २.०२५ ला ०.२० (खाली). एकाआड एक. मात्र ही जोडी शेवटपर्यंत टिकत नाही, २.१२५ पाशी तंतोतंत संख्या येते, तिथे ताल मोडतो. तेही तपासून बघा.

ह्यातून आणखी एक गोष्ट निघते. दोन स्थळांपर्यंत छापताना "बरोबर मध्यावर" असण्याचा मान फक्त .१२५, .३७५, .६२५ आणि .८७५ ह्या शेपटांनाच मिळतो. एका स्थळापर्यंत छापताना .२५ आणि .७५ ला. शून्य स्थळांना फक्त .५ ला. कारण मध्यावरच्या संख्येच्या छेदातले ५ पूर्ण गेले पाहिजेत, आणि ते फक्त विषम अंश भागिले ८ (किंवा ४, किंवा २) अशा संख्यांतच होतं. बाकी ज्या ज्या ठिकाणी आपल्याला शेवटी पाच दिसतो, तिथे आत पाच नसतोच.

निनाद

मला मात्र जावामध्ये १.००५ चं १.०१ येतं! आत्ताच करून बघितलं, स्ट्रिंग.फॉरमॅट, '%.२एफ'. म्हणजे जावा बरोबर आणि बाकीचे चूक असं म्हणायचं का?

रेवती

निनाद, चांगला मुद्दा काढलास. जावा पहिल्या प्रश्नाचं उत्तरच वेगळं देतं. ते आतली पूर्ण किंमत बघत नाही. आधी त्या डबलचे "सगळ्यात थोडे पण ओळखीला पुरेसे" अंक काढतं, जे डबल.टूस्ट्रिंग दाखवतं, म्हणजे १.००५. आणि मग त्या दशांश अंकांना शाळेच्या नियमाने राउंड करतं: पाच दिसला, वर जा. म्हणून १.०१.

गंमत अशी की त्याच जावामध्ये डेसिमलफॉरमॅट वापरलंस तर नियम सम अंकाकडे जाण्याचा आहे. ०.२५ एका स्थळापर्यंत: स्ट्रिंग.फॉरमॅट म्हणतं ०.३, डेसिमलफॉरमॅट म्हणतं ०.२. दोन्ही गोष्टी दस्तऐवजात नोंदलेल्या आहेत, चूक कुठलीच नाही. पण एका प्रकल्पात दोघांनी दोन वाटा धरल्या की अहवाल जुळणार नाहीत.

बिंदुमाधव

उशिरा आलो, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा थोडं जुनं सांगतो.

आम्ही सी मध्ये काम सुरू केलं तेव्हा छापलेल्या शेवटच्या अंकांवर कुणी विसंबत नसे. आकडा मजकुरात नेला आणि मजकुरातून परत वाचला तर तोच डबल मिळेल ह्याची खात्री नव्हती. आयईईई ७५४ हे फ्लोटिंग पॉइंटचं प्रमाणक १९८५ साली आलं, त्याने बेरीज-गुणाकार सरळ केले, पण छापण्याचं काम अवघडच राहिलं. कारण वरचा १.००५ चा आकडा बघा, पन्नास दशांश अंक आहेत. फार लहान डबलला तर साडेसातशेच्या वर सार्थ अंक लागू शकतात. तेवढे अचूक काढायला मोठ्या पूर्णांकांचं गणित लागतं आणि ते संथ चालतं.

१९९० साली गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी सर्वांत थोडे अंक छापूनही परत वाचल्यावर तोच डबल मिळेल अशी पद्धत मांडली. त्याच वर्षी डेव्हिड गे यांचं काम आलं, त्यांची छापण्या-वाचण्याची सी मधली फाइल पुढे कितीतरी भाषांच्या पोटात गेली. पायथनने ती ३.१ मध्ये, २००९ साली घेतली. त्याआधीचं पायथन १.००५ लिहिलं की १.००४९९९९९९९९९९९९९ दाखवायचं. नंतरच्या पिढीला सुबक १.००५ दिसू लागलं. मग ह्याच कामाच्या वेगवान पद्धती आल्या: २०१० मध्ये फ्लोरियन लॉइच यांचं ग्रिसू, २०१८ मध्ये उल्फ ॲडम्स यांचं र्‍यू. आता हे काम इतकं वेगवान झालंय की पोस्टग्रेस ह्या डेटाबेसच्या १२ व्या आवृत्तीने डबल दाखवण्यासाठी हीच सर्वांत थोड्या अंकांची पद्धत नेहमीची करून टाकली.

मला स्वतःला ते जुनं लांबलचक छापणं आवडायचं. बघणाऱ्याला लगेच कळायचं की आत १.००५ नाहीये. आता पडदा इतका नीटनेटका आहे की आत काय आहे ह्याची शंकाच येत नाही, आणि मग मुक्तासारख्यांना तीन दिवस घालवावे लागतात.

रेवती

काका, तुमचा आदर ठेवून असहमती नोंदवते. १.००४९९९९९९९९९९९९९ हेसुद्धा आतलं सत्य नव्हतंच, तेही सतरा अंकांवर राउंड केलेलं होतं. सतरा सार्थ अंक दिले की कुठलाही डबल परत मिळतो, हे खरं. पण सोळा-सतरा अंकांची शेपटी बघून नवशिक्यांना वाटायचं की भाषा बेरीज चुकतेय. थोडक्या अंकांनी माणसाने जे टाइप केलं तेच परत दाखवलं जातं, ही मोठी सोय आहे. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा जावासारखं त्या थोडक्या अंकांनाच मूळ संख्या मानून पुन्हा एकदा राउंड केलं जातं.

बिंदुमाधव

सतरा अंकांबद्दलचं तुझं म्हणणं मान्य. आणि दुसऱ्यांदा राउंड करण्याबद्दल तर शंभर टक्के सहमत. त्याला दुहेरी राउंडिंग म्हणतात आणि त्याने खरंच फसगत होते. साधं उदाहरण: १.४९ ला थेट पूर्णांकात आणा, १ येतो. आधी एका स्थळावर आणा, १.५ येतो, मग पूर्णांकात आणा, २ येतो. दोन्ही पायऱ्या आपापल्या जागी बरोबर, शेवट चूक.

सी शार्पमध्ये हेच घडायचं. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये आधी पंधरा अंक काढले जायचे आणि मग हव्या त्या स्थळांवर आणलं जायचं, त्यामुळे १.००५ चं १.०१ मिळायचं. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून पूर्ण अंक बघितले जातात, तिथे १.०० मिळतं. आवृत्ती बदलली आणि छापलेला आकडा बदलला.

सी चं विचाराल तर लिनक्सवरच्या जीलिबसी ह्या सी लायब्ररीत छापण्याचं फंक्शन प्रिंटएफ आतली पूर्ण किंमत बघतं आणि मध्यावर असेल तर त्या वेळी चालू असलेल्या राउंडिंग मोडप्रमाणे वागतं. नेहमीचा मोड सम अंकाकडे जाणारा, म्हणून २.५ चं २ आणि ३.५ चं ४. फेसेटराउंड वापरून मोड बदलला तर छापलेला मजकूरही बदलतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. विंडोजच्या सी रनटाइममध्ये मध्यावरचा आकडा पूर्वी नेहमी शून्यापासून दूर जायचा, विंडोज १० च्या २००४ ह्या क्रमांकाच्या आवृत्तीपासून (ते साल नव्हे) तिथेही प्रमाणकाप्रमाणे मोड पाळला जातो. जुनं वागणं हवंच असेल त्यांच्यासाठी लिंक करताना जोडायची एक वेगळी ऑब्जेक्ट फाइलही दिलेली आहे. छापलेल्या मजकुरावर इतकी कामं टांगलेली असतात की बरोबर दुरुस्ती करतानाही जुन्याची सोय ठेवावी लागते.

हेमंत_७

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, हे कबूल करतो. आता एक विचारतो. आम्ही सगळीकडे मॅथ.राउंड(क्ष * १००) / १०० असं लिहितो. त्यात काय वाईट? १.००५ ला चालत नाही हे दिसतंय, पण का?

रेवती

कारण तो गुणाकारही राउंड होतो. १.००५ * १०० चं उत्तर १००.४९९९९९९९९९९९९९ येतं, मग मॅथ.राउंड १०० देतं. दुसऱ्या एखाद्या आकड्याला हाच गुणाकार नेमका .५ वर येऊन बसेल आणि आत .४९९९ असूनही वर ढकलला जाईल. म्हणजे चूक कुठल्या बाजूला होईल हेही आधी सांगता येत नाही.

मग कुणीतरी सुचवतं की आधी नंबर.एप्सिलॉन मिळवा. १.००५ ला ते चालतं, म्हणून ते उत्तर हातोहात पसरलंय. पण एप्सिलॉन म्हणजे १ च्या शेजारच्या डबलपर्यंतचं अंतर. ४ च्या पुढे शेजारी त्याच्या किमान चौपट लांब असतो, त्यामुळे तिथे एप्सिलॉन मिळवला काय आणि न मिळवला काय, संख्या जागची हलत नाही. चाचणी १.००५ वर घ्यायची आणि प्रत्यक्षात आकडे ४०-५० च्या घरातले, असं झालं की काहीच दुरुस्त झालेलं नसतं.

अर्धा मिळवून खाली उतरवण्याच्या युक्तीतही खड्डा आहे. ०.४९९९९९९९९९९९९९९९४ हा अर्ध्याच्या अगदी खालचा डबल. त्यात ०.५ मिळवलं की बेरीज राउंड होऊन १ होते. जावा ६ मध्ये मॅथ.राउंड ह्या आकड्याला १ सांगायचं, जावा ७ मध्ये ते सुधारलं.

निनाद

आणि मॅथ.राउंड(-२.५)? जावास्क्रिप्टमध्ये -२ येतं, टूफिक्स्ड(०) ला मात्र "-३". हे कसं? आत्ताच वर म्हणालात की टूफिक्स्ड मोठा पर्याय घेतं, मग -२ मोठा नाही का?

रेवती

बारकाईने वाचलंस! टूफिक्स्ड ऋण संख्येचं चिन्ह आधी बाजूला काढून ठेवतं, धन संख्येवर काम करतं आणि शेवटी चिन्ह परत लावतं. २.५ चं ३, मग "-३". मॅथ.राउंड चिन्हासकट बघतं आणि मध्यावर असेल तर वरच्या, म्हणजे धन अनंताच्या दिशेने जातं. एकाच भाषेतली दोन कामं, ऋण बाजूला दोन दिशा.

चिन्हावरून आठवलं: -०.०४ एका स्थळापर्यंत छापलं की "-०.०" येतं, सी, पायथन, जावास्क्रिप्ट तिन्हीकडे. वाचणाऱ्याला ते विचित्र दिसतं. पायथन ३.११ पासून त्यासाठी फॉरमॅटमध्ये झेड हा पर्याय आलाय, तो ऋण शून्याला साधं शून्य करतो.

गणितशिक्षक

सम अंकाकडे जाण्याबद्दल विद्यार्थी नेहमी विचारतात, "सर, हा कुठला नवा नियम?" म्हणून दोन ओळी लिहितो. शाळेचा नियम सोपा आहे, पण मध्यावरचा प्रत्येक आकडा तो वरच ढकलतो. दशांशात एक अंक कमी करताना सरासरी दहात एक आकडा मध्यावर असतो. हजारो आकडे राउंड करून त्यांची बेरीज केली की ती हळूहळू फुगते. सम अंकाकडे गेलं की निम्मे वर, निम्मे खाली, आणि बेरीज जागेवर राहते. आयईईई ७५४ ने गणितासाठी हा नियम नेहमीचा ठरवला तो ह्याच कारणाने.

पण छापण्यासाठी? तिथे मला शंका आहे. मुक्ताताईंच्या शंभर आकड्यांत मध्यावर फक्त चारच होते. बाकी ९६ ठिकाणी नियमाला कामच नव्हतं. आणि छापलेल्या आकड्यांची बेरीज सहसा कुणी करत नाही, ती मूळ आकड्यांची करायची असते. वाचणारा माणूस ०.१२५ कडे बघून ०.१३ ची अपेक्षा करतो. मला तरी छापताना शाळेचा नियम जास्त जवळचा वाटतो.

बिंदुमाधव

सर, इथे मी दुसऱ्या बाजूला. छापणं म्हणजे राउंडिंगच, फक्त उत्तर अंकांत लिहायचं. गणितात एक नियम आणि छापताना दुसरा ठेवला की पूर्णांकात आणणाऱ्या राइंट(२.५) ला २ आणि छापलं की ३, असं होतं. सी शार्पच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये हे आहे: मॅथ.राउंड(२.५) सांगतं २, आणि टूस्ट्रिंग("एफ०") सांगतं ३. पोस्टग्रेसमध्ये २.५ न्यूमेरिक असेल तर राउंड केल्यावर ३, डबल असेल तर २. एक्सेलच्या पेशीतलं राउंड २.५ ला ३ म्हणतं, त्याच एक्सेलमधली प्रोग्रॅमिंगची भाषा व्हीबीए २. लोकांची झोप उडते ती ह्यामुळे.

गणितशिक्षक

बिंदुमाधवजी, एकसूत्रीपणाचा तुमचा मुद्दा पटतो. माझं मत मात्र अजून बदललेलं नाही. :)

निनाद

छापताना राउंड होण्याने खरं नुकसान झाल्याचं एक उदाहरण वाचलेलं आठवतंय. ५ एप्रिल १९९२ ला जर्मनीत श्लेस्विग-होलस्टाइन राज्याची निवडणूक झाली. तिथे विधानसभेत यायला किमान ५ टक्के मतं लागतात. निकालाच्या कागदावर ग्रीन पक्षापुढे ५.० टक्के छापलं होतं, म्हणजे पक्ष आत. रात्री उशिरा लक्षात आलं की खरा आकडा ४.९७ आहे. कागद छापणारा प्रोग्रॅम एकच दशांश स्थळ दाखवायचा, आणि ४.९७ चं ५.० करायचा. पक्ष बाहेर गेला, जागांची वाटणी बदलली आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाला एका जागेचं बहुमत मिळालं. त्या प्रोग्रॅममध्ये बेरजेची चूक नव्हती. ४.९७ चं एका स्थळावर ५.० होणं अगदी बरोबर आहे, कुठल्याही भाषेत, जवळच्या आकड्यावर नेणाऱ्या कुठल्याही नियमाने.

रेवती

निनाद, ह्या उदाहरणाबद्दल खूप आभार. ह्यात मध्यावरच्या आकड्याचा वाद नाही, द्विमान-दशांशाचाही नाही. छापलेला मजकूर वाचून निर्णय घेतला गेला, एवढंच. निर्णय पूर्ण आकड्यावर व्हायला हवा होता आणि कागदावर फक्त त्याचं दर्शन. मुक्ता, तुझ्या जुळवणीतही हेच चाललंय असं मला वाटतं. तू दोन दर्शनांची तुलना करतेयस.

मुक्ता

रेवती, अगदी तेच झालंय. आता सगळं समजल्यावर मागे वळून बघितलं तर मूळ आकडे यंत्राकडून तीन स्थळांच्या मजकुरातच येतात, "१.००५" असे. आम्हीच त्यांना डबल करत होतो आणि तिथेच १.००५ हरवत होता. म्हणजे जे मोजलं गेलं ते खरोखर १.००५ होतं, आणि अहवालात १.०० लिहिणं आमच्या कामात चूकच होतं.

म्हणून दोन बदल केले. मजकूर आला की थेट पायथनच्या डेसिमलमध्ये. आधी मी डेसिमल(१.००५) असं लिहिलं, अवतरणचिन्हांशिवाय, आणि पुन्हा तेच पन्नास अंक समोर आले, कारण तोवर तो डबल झालेला असतो. डेसिमल("१.००५") लिहिल्यावर नेमका १.००५ मिळाला. मग क्वांटाइझने दोन स्थळांवर आणताना राउंड_हाफ_अप (मध्यावर असेल तर वर) स्पष्ट लिहिलं, कारण आमच्या अहवालाच्या वाचकांना शाळेचाच नियम अपेक्षित आहे, हे त्यांना विचारून घेतलं. (गणितशिक्षक सर, तुमच्या बाजूला एक मत!)

दुसरं, ब्राउझरला आता आकडा न पाठवता तयार मजकूर पाठवतो. टूफिक्स्ड काढून टाकलं. जुळवणी मात्र मजकुरावर न करता पूर्ण आकड्यांवर ठेवली.

हेमंत_७

ब्राउझरमध्ये त्या स्तंभावर क्रमवारी लावायची असेल तर? मजकूर पाठवला तर "१०.०१" हा "९.९९" च्या आधी येईल.

मुक्ता

हो, पहिल्याच दिवशी ते घडलं. आता प्रत्येक ओळीसोबत मजकूर आणि हजारांशात मोजलेला पूर्णांक दोन्ही जातात: "१.०१" आणि १००५. क्रमवारी पूर्णांकावर, डोळ्यांना मजकूर.

बिंदुमाधव

उत्तम केलंस. ब्राउझरमध्येच राउंड करायची पुढेमागे वेळ आली तर इंटल.नंबरफॉरमॅटमध्ये राउंडिंगमोड हा पर्याय आता मिळतो, नियम निदान नावाने लिहिता येतो. आणि २.१२५ पाशी ताल मोडतो का ते तपासलंस का? सरांनी सांगितलं होतं.

मुक्ता

तपासलं काका. २.११५ वर, २.१२५ मध्यावर, २.१३५ खाली, २.१४५ वर. सर म्हणाले तसंच. २.११५ चा भाग ०.५२ आणि २.१३५ चा ०.४८, कागदावरही तेच आलं.